वेर्लेचे ओठ, रोजाचा आवाज

वेर्लेला खोटं बोलता येत नाही. ही काही मुलीबद्दलची बढाई नव्हे. ही माझी काळजी आहे, आणि आज संध्याकाळपासून ती मानगुटीवरून उतरायला तयार नाही. खोटं बोलायला लागली की वेर्लेच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, मग तिला हसू येतं, आणि मग ती खरं काय ते सगळं सांगून टाकते, न विचारलेलंसुद्धा. शाळेत एकदा गृहपाठ कबुतरांनी खाल्ला असं बाईंना सांगायला निघाली. शेवटी गृहपाठ केलाच नव्हता, वडिलांच्या कबुतरांना चोरून वाटाणे आपणच चारतो, शेजारच्यांच्या चेरी आपणच तोडल्या, हे सगळं कबूल करून घरी आली.

अशी मुलगी पोस्टात लागली असती, ग्रंथालयात लागली असती, तर काही बिघडलं नसतं. पण माझी मुलगी आहे ‘ऑरोरा डिलक्स’. ‘मूनलाइट एलेव्हेटर’ हे गाणं गाणारी म्हणून तिला हेलसिंकीपासून मेक्सिकोपर्यंत लोक ओळखतात, आणि त्या गाण्यात तिचा एक सूरही नाही.

सूर तिच्याजवळ कधी नव्हताच. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलांच्या पहिल्या प्रसादविधीच्या, गाण्यांची तालीम चालली होती. सिस्टर अल्बेर्टांनी दोन ओळी ऐकल्या, पेटी थांबवली आणि प्रेमाने म्हणाल्या, “वेर्ले बाळा, देवाला तुझं मन कळतं. तू नुसते ओठ हलव.” दुसरी एखादी मुलगी रडली असती. वेर्लेने ओठ हलवले. त्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना चार बायांनी मला थांबवून सांगितलं की तुमची मुलगी सगळ्यांत छान गायली.

मग ती हटलीच नाही. दर हिवाळ्यात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये प्लेबॅकची स्पर्धा होते. आधी सगळ्यांना स्पॅगेटी, मग स्पर्धा, आणि जमलेले पैसे पोरांच्या उन्हाळी शिबिराला. कुणातरी मोठ्या गायकाची रेकॉर्ड लावायची, त्याच्यासारखे कपडे घालायचे आणि आपण मुकाट्याने ओठ हलवायचे. परीक्षक तिघं: पाद्रीबाबा, खाटीक आणि मुख्याध्यापक. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण बेल्जियममधल्या आमच्या या लोकेरन गावात या स्पर्धेवरून सख्ख्या जावांनी वर्षभर अबोला धरलेला मी पाहिला आहे.

वेर्ले रेकॉर्ड इतकी ऐकायची की माझं डोकं उठायचं. मी विचारायचे, “अगं, शब्द पाठ झाले ना तुझे?”

“शब्द कधीच झाले, आई. श्वास पाठ करतेय.”

“म्हणजे?”

“ओठ सगळेच हलवतात. ही बाई या ओळीच्या आधी श्वास घेते, आणि इथे तिला तो पुरत नाही. बघ, इथे.” आणि ती आरशासमोर मान ताठ करून अशी उभी राहायची की गळ्याची शीर फुगायची. मला खरंच वाटायचं, आता हिचा श्वास संपणार.

ओळीने तीन वर्षं तिने कप जिंकला. तिसऱ्या वर्षी पाद्रीबाबा म्हणाले, “या मुलीने मला तीन मिनिटं खाटकाशेजारी बसलोय हे विसरायला लावलं.” ते कप आमच्या दिवाणखान्यात रोलांडच्या कबुतरांनी शर्यतींत जिंकलेल्या कपांशेजारी उभे आहेत. रोलांड म्हणजे माझा नवरा. जगातली कोणतीही गोष्ट त्याला कबुतरांवाचून समजत नाही. मुलीचा तिसरा कप पुसता पुसता तो म्हणाला, “कबुतराला उडायला शिकवावं लागत नाही. परत यायला शिकवावं लागतं.” मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी भूगोलाची शिक्षिका. वेर्लेनेही शिक्षिका व्हावं म्हणून तिला अध्यापक विद्यालयात घातलं होतं, आणि तिचं दुसरं वर्ष बरं चाललं होतं.

तेवढ्यात डर्कला रोजाचा आवाज ऐकू आला.

डर्क सालेन्सच्या वडिलांचं गालिच्यांचं दुकान आहे. मागच्या गोदामात न विकलेले गालिचे भिंतींना ठोकून त्याने स्टुडिओ केला होता. तिथे तो यंत्रांवर नाचाची गाणी बनवायचा. ढोल यंत्राचा, बासरी यंत्राची, मध्येच भराभर बोलणारा पुरुष म्हणजे डर्क स्वतः. अडत होतं ते बाईच्या आवाजाशी. तीन मुली आणून झाल्या होत्या. डर्कच्या म्हणण्याप्रमाणे तिघीही गात चांगल्या होत्या, पण गाण्यातली लिफ्ट वर जात नव्हती.

बुधवारच्या बाजारात रोजा बार्टची भाजलेल्या कोंबड्यांची गाडी असते. रोजा आमच्या समोरच्या घरात राहते. वय शेहेचाळीस, तीन मुलांची आई, आडव्या बांध्याची. गाडीत सळ्यांवर कोंबड्या फिरत असतात आणि रोजा गिऱ्हाइकांना हाका मारत असते. चर्चच्या घंटा वाजू लागल्या तरी तिची हाक घंटांच्या वरून येते. डर्क रांगेत उभा होता. त्याच्या हातातली पिशवी म्हणे गळून पडली.

“रोजामावशी, आमच्या गोदामात येऊन एक ओळ गाऊन बघता का?”

“आणि कोंबड्या कोण फिरवणार, तुझे वडील?”

“त्या आपोआप फिरतात की.”

“कोंबड्या फिरतात रे, गिऱ्हाईक आपोआप फिरकत नाही. जेवणाच्या सुट्टीत येते.”

ती एप्रनसकट गेली. गाणं इंग्रजी, तिला इंग्रजी येत नाही. डर्कने शब्द आपल्या उच्चाराप्रमाणे लिहून दिले. गाण्यात तसं आहे काय? वर, अजून वर, चांदण्याच्या लिफ्टमधून वर, एवढंच पुन्हा पुन्हा. रोजाने एका दमात म्हटलं आणि हात पुसत विचारलं, “बरं, खरं गाणं कधी सुरू करायचं?” डर्क तेव्हा गालिच्याला टेकून खाली बसला होता. मोबदला म्हणून रोजाने गाडीवर लावायला लाउडस्पीकर मागितला. जिला घंटाही हरवू शकत नाहीत तिला लाउडस्पीकर. बाजारात दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येईनासं झालं. चीजवाल्याने आपली जागा बदलून घेतली.

आता प्रश्न आला चित्रफितीचा. असल्या गाण्यात एकीचा आवाज आणि दुसरीचा चेहरा ही त्या धंद्यातली रीतच आहे, असं डर्क म्हणाला. पण रोजाला ते सांगताना तो लाजून चूर झाला होता.

“मावशी, म्हणजे तुमचा आवाज तर... पण कॅमेरा जरा...”

“अरे, बोल की सरळ. मी त्या लिफ्टमध्ये शिरले तर ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल.” रोजा गदागदा हसली. “समोरच्यांची वेर्ले घे. अख्ख्या जिल्ह्यात तिच्यासारखं तोंड कुणी हलवत नाही. आणि उंचही आहे.”

असं ते ठरलं. परवानगी मागायला डर्क आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला विचारलं, “या गाण्याचा अर्थ काय?”

“बाई, अर्थ कळला की गाणं एकाच देशात विकलं जातं.”

मी म्हटलं, एक उन्हाळा. फक्त एक उन्हाळा, मग विद्यालय. तो उन्हाळा संपून दुसरा उन्हाळा आला आहे.

आधी गाणं आमच्या मोठमोठ्या डिस्कोंमध्ये वाजलं. मग ते हॉलंडने उचललं, मग जर्मनीने, आणि मग कुणाच्याच हातात राहिलं नाही. मी शाळेतला जुना नकाशा घरी आणला आणि रोलांडने त्यात टाचण्या टोचायला सुरुवात केली. स्पेनमध्ये पहिलं, फिनलंडमध्ये पहिलं, इस्रायलमध्ये दुसरं. “बार्सिलोनाच्या पुढे आमचं एकही पाखरू गेलेलं नाही,” तो कबुतरवाल्या मित्रांना सांगायचा, “आणि ही ब्राझीलला पोचली.” मित्र गंभीरपणे विचारायचे, “वारा कुठला होता?” मेक्सिकोहून वेर्लेचं पोस्टकार्ड आलं: ‘आई, इथे लग्नात वाजवतात. नवरीच्या आजीने माझ्याकडून ओठांची सही घेतली, रुमालावर. जेवण तिखट. मोजे पाठव.’ तिथे मोजे कशाला लागतात हे मला आजवर कळलेलं नाही. पाठवले.

रोजाकडे बाजारात गाणं दिवसभर वाजायचं. कोंबड्या भाजता भाजता ती बरोबर गायची. एकदा एक परगावची बाई तिला म्हणाली, “तुम्ही जवळजवळ त्या ऑरोरासारखंच गाता हो.” सगळी रांग हसायला लागली आणि रोजाने त्या बाईला एक तंगडी फुकट दिली. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. रोजा गाते, वेर्ले ओठ हलवते. ज्याचं त्याला येतं. बाहेरच्या जगात याला फसवणूक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं.

वेर्ले तिच्या कामात किती पटाईत आहे ते स्पेनमध्ये दिसलं. समुद्रकिनाऱ्यावर मंच, समोर माणसांचा महासागर. गाणं ऐन रंगात आलं आणि सीडी अडकली. ‘वर, वर, वर, वर’ एवढंच वाजायला लागलं, थांबेचना. डर्क मागे यंत्राला बुक्क्या मारतोय, नाचणाऱ्या मुलींनी तोंडं झाकून घेतली. वेर्ले हलली नाही. दर ‘वर’ला ओठ, दर ‘वर’ला मान, आणि मधल्या त्या केसाएवढ्या फटीत श्वाससुद्धा. मग तिने एक पाय त्याच तालात उचलायला सुरुवात केली. नाचणाऱ्यांनी उचलला, मग पहिल्या रांगेने, मग सगळ्या किनाऱ्याने. सीडी सुटली तेव्हा लोकांनी नापसंतीचा ओरडा केला. त्यांना अडकलेलंच हवं होतं. डर्क हुशार. त्याने पुढच्या महिन्यात ते अडकलेलं गाणं वेगळं काढलं आणि रोलांडला टाचण्या कमी पडल्या.

आणि खोटं? ते तर ती एकदाही बोललेली नाही. कोलोनला टीव्हीवर एका सुटाबुटातल्या माणसाने विचारलं, “इतक्या प्रवासात आवाजाची काळजी कशी घेता?”

वेर्ले म्हणाली, “माझा आवाज घरीच असतो. तो कोंबड्या विकतो.”

स्टुडिओभर हशा. बेल्जियन लोक फार विनोदी, असं तो माणूस म्हणाला. हेलसिंकीत तिने सांगितलं की मी गायले तर आमच्या वडिलांची कबुतरं खुराड्यात परत येत नाहीत. तिथल्या वर्तमानपत्राने छापलं, ‘नम्र तारका’. सगळ्या युरोपभर ती खरं सांगत फिरली आणि एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. माझा जीव मात्र दर मुलाखतीला टांगणीला.

आज संध्याकाळी ती टांगणी तुटली. वेर्लेचा लंडनहून फोन आला.

“आई, इथे मायक्रोफोन चालू असतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे खरंच चालू. या टीव्ही कार्यक्रमाचा नियमच आहे, गाणाऱ्याने उभं राहून गायचं. संगीत टेपवर चालतं, गळा नाही. उद्या संध्याकाळी, आणि सगळा देश बघतो म्हणे.”

“डर्कला माहीत नव्हतं?”

“होतं. त्याला वाटलं, काहीतरी सुचेल.”

“मग काय सुचलं?”

“घसा बसलाय असं सांगायचं. घसा बसला असेल तर टेप लावू देतात, पण त्यांचा डॉक्टर तपासतो. आई, तो मला आ कर म्हणणार. माझा घसा अगदी गुलाबी आहे. मी त्याच्या तोंडावर हसेन आणि मग त्याला चेरीचंसुद्धा सांगेन.”

मलाही हसू आलं, पण ती हसत नव्हती. ती म्हणाली, “इथे नाही जमलं तर अमेरिकेचा दौरा रद्द होईल असं डर्क म्हणतो. आणि गायले तर माझं कायमचं हसं होईल.”

“तुला काय करायचंय?”

मग म्हणाली, “जसं आहे तसं. रोजामावशी माझ्या शेजारी उभी राहील, ती गाईल आणि मी माझं करीन. दोघी दिसू. मी ठीक करते ना गं माझं काम? त्यात लपवायचं काय? पण डर्क म्हणतो, मावशी एकदा दिसली की संपलं. आणि मावशीला मी कसं विचारू? ती येणारच नाही. लिफ्टचा विनोद करेल आणि नाही म्हणेल. सकाळपर्यंत काही झालं नाही तर मी घरी येते, आई. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं.”

घरी येते. गेलं वर्षभर हेच दोन शब्द ऐकायला माझे कान आसुसले आहेत. विद्यालयाच्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. वेर्लेची जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही, आणि सत्र थोड्याच आठवड्यांत सुरू होतंय. मला काही करायचीसुद्धा गरज नाही. नुसतं स्वस्थ बसायचं. उद्या रात्री मुलगी आपल्या खोलीत झोपलेली असेल, पुढल्या वर्षी तिच्या वर्गात वीस मुलं असतील आणि मला मोजे कुठल्या देशात पाठवायचे याचा विचार करावा लागणार नाही. रोलांड झोपायला जाताना एवढंच म्हणाला, “पाखरू अर्ध्या वाटेवरून परतलं तर आम्ही त्याला परत आलं असं म्हणत नाही.” एरवी मी त्याला गप्प केलं असतं.

मी स्वस्थ बसू शकले असते, पण मागच्या बुधवारचं डोळ्यांपुढून जात नाही. बाजार उठत आला होता. मी उरलेली कोंबडी घ्यायला रोजाच्या गाडीकडे गेले, तर पुढे कुणी नव्हतं आणि लाउडस्पीकरवर गाणं चाललेलं. मागच्या बाजूला डोकावले. रोजा दोन कचऱ्याच्या डब्यांच्या मध्ये उभी होती, हातात कोंबड्यांचा मोठा चिमटा मायक्रोफोनसारखा धरलेला. ती गात नव्हती. ओठ हलवत होती. वेर्लेसारखी मान ताठ, वेर्लेसारखा डावा खांदा पुढे, आणि कडव्याच्या शेवटी वेर्ले जशी हळूच टाच उचलते तशी रबरी बूट घातलेली टाच वर. जगभर माझी मुलगी रोजाची नक्कल करते, आणि इथे रोजा माझ्या मुलीची नक्कल करत होती. चेहरा असा उजळलेला की एवढ्या वर्षांच्या शेजारात मी तो कधी पाहिला नव्हता. गाणं संपलं. तिने समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार केला, चक्क दोनदा. मी पाय न वाजवता मागे फिरले आणि त्या दिवशी आम्ही अंडी खाल्ली.

लिफ्टचा विनोद तिने स्वतःच इतक्यांदा केला की दुसऱ्या कुणी तो करायची वेळच येऊ नये. पण तिला कुणी कधी विचारलंच नाही, की रोजा, येतेस का? डर्कने नाही, वेर्लेने नाही, मीही नाही. आम्ही सगळे विनोदाला हसलो आणि पुढे गेलो.

ब्रुसेल्सहून समुद्राखालून जाणारी नवी आगगाडी सकाळी सुटते. ती पकडली तर दुपारी रोजा लंडनला असेल, तालमीला वेळ उरेल, आणि रोजाला तालीम लागते कशाला. घसा तपासायला आलेल्या डॉक्टरला वाटलं तर दोघींचाही तपासू दे. डर्क आरडाओरडा करेल. करू दे, त्याला काहीतरी सुचायला हवंच होतं, तर हे सुचलं. लोक म्हणतील फसवणूक. मग वेर्ले त्यांना सांगेल की माझ्या घरी तीन कप आहेत, आणि या खेपेला ती खरं बोलतेय याचा पुरावा तिच्या शेजारीच उभा असेल, लाल हातांचा, भक्कम. अमेरिका रद्द होईल किंवा होणार नाही. माझ्या मुलीच्या कानांच्या पाळ्या मात्र पांढऱ्या राहतील.

समोरच्या घरात स्वयंपाकघराचा दिवा चालू आहे. उद्या बुधवार; रोजा कोंबड्यांना मसाला चोळत असणार. पहिल्यांदा ती लिफ्टचं म्हणेल. मी हसायचं नाही असं ठरवलं आहे. मग म्हणेल, घालायला काय आहे माझ्याकडे? तर ईस्टरचा निळा झगा आहे, मी पाहिलेला आहे. मग म्हणेल, आणि बाजार? बाजाराचं मी करीन. शाळेला सुट्टी आहे, लाउडस्पीकर आहे, चाळीस मुलींच्या वर्गावर घासलेला माझा गळा आहे. सळ्यांवर कोंबड्या चढवायला रोलांड येईल. भाजलेलं पाखरू पाहिलं की त्याला घेरी येते, त्याला गाडीकडे पाठ करून उभं करू आणि सुटे पैसे द्यायला ठेवू. त्याला अजून यातलं काही माहीत नाही.

त्याला नंतर उठवते. आधी रोजाला फोन.